घड्याळाची डायल नव्याने रंगवलेली दिसतेय – ठेवू की परत करू? (जुनी मनगटी घड्याळं जमवणाऱ्यांसाठी)

मैत्रेयी_नाशिककर | शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मला चावीच्या घड्याळांचं वेड आहे. आजवर अकरा जमली. सुरुवात घरातूनच झाली: बाबांची एचएमटी जनता, आईची सुजाता, मामाची पायलट. मामाने पायलट 'तुला काय करायचंय' म्हणत म्हणत शेवटी दिली. बाकीची भंगारवाले, ओळखीपाळखी आणि जुना बाजार. नवऱ्याला यातली चारच माहीत आहेत, त्यामुळे फोटो जपून टाकतेय.

गेल्या आठवड्यात ऑनलाइन फेव्हर ल्यूबा या स्विस कंपनीचं एक सी चीफ घेतलं. साडेसहा हजार. मोरपंखी निळी डायल, सोनेरी काटे, बघताक्षणी जीव जडला. जाहिरातीत 'सर्व भाग ओरिजिनल, नुकतंच सर्व्हिस केलेलं' असं लिहिलं होतं. घड्याळ चालतंय झकास, दिवसाला पंधराएक सेकंद पुढे जातं. पण काल रात्री भिंगाखाली धरलं आणि माशी शिंकली. मिनिटांच्या रेघा सगळीकडे सारख्या अंतरावर नाहीत. सहाच्या खालचं 'स्विस मेड' किंचित उजवीकडे कललंय. शेजारी बाबांची जनता ठेवून पाहिली. तिची अक्षरं अशी रेखीव की वाटलं, ओरिजिनल डायल म्हणतात ती हीच.

परत करायची मुदत मंगळवारपर्यंत आहे. तर सांगा, हे रंगवलेलं आहे का? आणि असेल तर ठेवावं का? जाता जाता तुमच्याही घड्याळांबद्दल लिहा, म्हणजे मी एकटीच वेडी नाही एवढं तरी घरी सांगता येईल.

टिकटिक_तात्या | शुक्रवार, रात्री ११:०५

फोटो पाहिले. अभिनंदन, तुमच्याकडे 'मुंबई स्पेशल' आलेलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. परदेशातले संग्राहक भारतातून येणाऱ्या रंगवलेल्या, जोडाजोड केलेल्या जुन्या घड्याळांना हेच नाव देतात. मशीन एका घड्याळाचं, केस (बाहेरचं धातूचं कवच) दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे आणि डायल कालच रंगवलेली. फेव्हर ल्यूबा, कॅमी, रोमर, हेन्री सँडोज, सीको फाईव्ह, सिटिझन या मंडळींच्या वाट्याला हा मेकअप सगळ्यात जास्त येतो. पोपटी, केशरी, मोरपंखी, मध्येच लाल त्रिकोण. यातले बहुतेक रंग कंपनीने उभ्या जन्मात काढले नव्हते.

ओळखायचं कसं? अक्षरांच्या कडा पाहा. कंपनीची छपाई बारीक आणि उठावदार असते, नव्या रंगात शाई पसरते. खोचलेले (वरून बसवलेले) आकडे असतील तर त्यांच्या बुडाशी रंग साचलाय का ते पाहा. तारखेची खिडकी असेल तर तिच्या कडेला रंगाचा ओघळ सापडतो. सगळ्यात सोपी खूण म्हणजे केस पार झिजलेली, कोपरे गोल झालेले, आणि डायल मात्र आजच्या पेपरासारखी कोरी. पन्नास वर्षं एकाच घरात राहून एक म्हातारा झाला आणि दुसरा अजून शाळेत जातो, असं होत नाही.

(अवांतर: तुम्ही नाशिकला 'चावी' देता. आम्ही पुण्यात 'किल्ली' देतो.)

निरीक्षक | शुक्रवार, रात्री ११:३१

परत करा. यात विचार करण्यासारखं काहीही नाही.

रंगवलेली डायल म्हणजे इतिहास पुसणं. डाग असूदेत, पिवळी पडलेली असूदेत, पण मूळची हवी. माझ्याकडे देवनागरी आकड्यांची जनता आहे. तिच्या 'सात'वर पाण्याचा डाग आहे आणि मी तो कुणाला साफ करू देत नाही. संग्रह करायचा तर शिस्त हवी, नाहीतर तो डबाभर रंगीत बटणांचा साठा.

रिकामटेकडा | शुक्रवार, रात्री ११:३८

निरीक्षकसाहेब, घरच्या भिंतीही मूळ रंगातच ठेवल्यात का? हलकेच घ्या.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आणि नवऱ्याला चारच माहीत आहेत हे वाक्य आधी काढा, तोही इथे वाचत असेल.

घड्याळजींचा_नातू | शनिवार, सकाळी ७:५०

रात्रीच लिहिणार होतो, पण हा विषय निघाला की मी चिडतो, म्हणून झोपून उठून लिहितोय.

माझ्या आजोबांचं गिरगावात दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, काचेची पेटी, एक टेबल आणि डोळ्याला भिंग. शाळेतून आलो की मी तिथेच. तेव्हा 'मुंबई स्पेशल' असलं काही ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, 'डायल नवी करून द्या.' बस.

मुंबईची हवा डायल खाते. खारट दमट हवा, त्यात घाम, त्यात सैल झालेली चावी. चार पावसाळ्यांत डायलवर बुरशीसारखे ठिपके यायचे. स्विस घड्याळाची नवीन डायल मागवायची कुठून? परवान्यांच्या त्या दिवसांत बाहेरचं घड्याळच सरळ मार्गाने मिळणं मुश्कील, सुट्या भागांची काय कथा. मग डायल रंगवायला जायची. आमच्याकडच्या डायली ज्यांच्याकडे जायच्या ते गृहस्थ आयुष्यभर दुसरं काहीच करत नव्हते. जुना रंग उतरवायचा, पत्रा घासून लख्ख करायचा, नवा रंग फवारायचा, वाळवायचा. मग कोरलेल्या पत्र्यात शाई भरायची, एका मऊ गोळ्यावर ती अक्षरं उचलायची आणि डायलवर टेकवायची. हात हलला की सगळं पुसून पहिल्यापासून. तुमचं ते 'स्विस मेड' कललंय ना, तिथे कुणाचा तरी हात हललाय आणि त्याने पुसलं नाही. आजोबांनी अशी डायल परत पाठवली असती.

त्या माणसाला कुणाला फसवायचं नव्हतं. गिऱ्हाइकाला घड्याळ पुढची वीस वर्षं घालायचं होतं. 'मूळचं' हा शब्द ज्याच्याकडे दुसरं घड्याळ आहे त्याला सुचतो.

आता ऑनलाइन जे विकलं जातं ते वेगळं, ते मलाही मान्य. पण सगळ्या रंगवलेल्या डायलींना एका माळेत ओवू नका.

निरीक्षक | शनिवार, सकाळी ९:१४

भावना पोचल्या. तरीही मुद्दा तोच राहतो. विकणाऱ्याने 'सर्व भाग ओरिजिनल' लिहिलंय आणि ते खोटं आहे.

घड्याळजींचा_नातू | शनिवार, सकाळी ९:२०

एवढ्यापुरतं +१.

आल्प्सवरून_अवी | शनिवार, दुपारी १:०२

मी गेली सहा वर्षं नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल परगण्यात राहतो. फेव्हर ल्यूबाचं मूळ गाव ल लोक्ल इथून ट्रेनने फार लांब नाही. अब्राहम फाव्र या घड्याळजीची तिथली नोंद १७३७ ची. म्हणजे आपल्याकडे थोरल्या बाजीरावांच्या स्वाऱ्या चालल्या होत्या तेव्हा हा बाबा इथे बर्फात दातेरी चाकं घासत बसला होता.

ल लोक्ल आणि शेजारचं ला शो-द-फाँ ही दोन्ही गावं २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. ला शो-द-फाँ १७९४ च्या आगीत जळालं, मग पुन्हा बांधताना रस्ते पट्टी लावून आखावेत तसे सरळ आखले गेले. घरांना खिडक्या मोठ्या आणि ओळीने, कारण खिडकीशी टेबल आणि टेबलाशी घड्याळजी. हिवाळ्यात ऊन मिळणार थोडाच वेळ, ते वाया घालवून कसं चालेल? तिथल्या घड्याळांच्या संग्रहालयात मी तीनदा गेलोय. बायको आता येत नाही.

गंमत अशी की इथे कुणाला 'फाव्र-लुबा' म्हटलं की बरेचदा चेहरा कोरा. माझ्या सासऱ्यांना साताऱ्यात म्हणा, लगेच डोळे चमकतात! कंपनीने १८६५ पासून भारतात पाय रोवले होते आणि मुंबईत तिचं स्वतःचं ऑफिस होतं, त्याचा हा परिणाम. १९६२ चं बिव्हुआक हे त्यांचं उंची आणि हवेचा दाब दाखवणारं घड्याळ, गिर्यारोहकांसाठी. १९६८ चं बॅथी पाण्याची खोली दाखवायचं. इतकी हुशार कंपनी क्वार्ट्झच्या, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांच्या लाटेत धुपली. २०११ मध्ये टाटांच्या टायटनने तिचं नाव विकत घेतलं, पुढे तेही हातचं सोडलं.

अजून एक मुंबईकर सांगतो: वेस्ट एंड वॉच कंपनी. माणसं आणि मशीन स्विस, पण १८८६ मध्ये हे नाव सुरू झालं मुंबईत. त्यांचं 'सोवार' म्हणजे आपला घोडेस्वार, 'स्वार'. कुणाच्या पणजोबांच्या ट्रंकेत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विकायला नको, नुसता फोटो पाठवा.

टिकटिक_तात्या | शनिवार, दुपारी १:४०

अवी, छान माहिती. फक्त एक सावधगिरीची सूचना. अशी फार जुनी, फौजी धाटणीची, चमकणाऱ्या आकड्यांची घड्याळं सापडली तर ते आकडे नखाने किंवा चिमट्याने खरवडू नका. १९६० च्या आधीच्या कित्येक घड्याळांत खरंखुरं रेडियम आहे. अंधारात चमकत नाही म्हणजे संपलं, असं नसतं. चमकणारी पूड थकते, रेडियम नाही. ते अर्धं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. काच बंद असेल तोवर घाबरायचं कारण नाही, पण ती पूड नाकातोंडात जाता कामा नये. आज बाजारात 'रेडियमचे काटे' म्हणून मिळतात त्यात रेडियमचा कण नसतो, नाव तेवढं चिकटून राहिलंय.

कोकणी_काजू | शनिवार, दुपारी ३:२५

आमच्याकडे स्विस वगैरे नाय हो. काका कुवेतला होता. सुट्टीवर आला की खाली उतरायच्या आधी गावभर बातमी, आणि आल्यावर पहिला प्रश्न 'घड्याळ आणलंस?' शर्टाची बाही वर करून दाखवायचा, डाव्या हातात तीन, उजव्यात दोन. सगळी सीको फाईव्ह. चावी द्यायची नाही, हात हलला की आपोआप चालतं. आमचे आजोबा ते घालून झोपाळ्यावर बसायचे, म्हणायचे, 'घड्याळाला झोका देतोय.'

त्यातलं एक माझ्याकडे आहे. वार इंग्रजी आणि अरबी. वार बदलताना घोटाळा झाला की महिनाभर अरबीच राहतो. कधी दुरुस्त केला नाही, काकाची आठवण म्हणून.

पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते त्यावर कुणाकडे उपाय आहे का? रत्नागिरीत जूनपासून गणपतीपर्यंत माझं घड्याळ म्हणजे मत्स्यालय.

घड्याळजींचा_नातू | शनिवार, दुपारी ४:००

काजू, वाफ दिसली म्हणजे मागच्या झाकणाची रबरी रिंग किंवा चावीची रिंग वाळलीय. वाफ धरलेलं घड्याळ तांदळात वगैरे ठेवून शांत बसू नका. लगेच उघडून वाळवायला द्या, नाहीतर चार दिवसांत चावीच्या दांड्याला गंज. दोन्ही रिंगा किरकोळ किमतीच्या असतात. जूनच्या आधी बदलून घ्या. आणि डायलवर लिहिलेल्या 'वॉटर रेझिस्टंट'वर चाळीस वर्षांनी विश्वास ठेवू नका. पट्ट्यासारखाच तोही झिजतो.

नवखा_निनाद | शनिवार, सायंकाळी ५:१०

वाचतोय. प्रामाणिक शंका, राग मानू नका. मोबाईल अचूक वेळ दाखवतो, शंभर-दीडशे रुपयांचं क्वार्ट्झ महिन्याला काही सेकंदच चुकतं. मग रोज मिनिटभर चुकणारं, रोज चावी मागणारं घड्याळ का?

टिकटिक_तात्या | शनिवार, सायंकाळी ५:४८

राग कसला, हा प्रश्न माझी सून दर दिवाळीला विचारते.

हिशेब करून दाखवतो. जनता तासाला १८,००० ठोके देते. सेकंदाला पाच. दिवसाला ४,३२,०००. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. घड्याळ एक मिनिट चुकलं तर चूक झाली ०.०७ टक्क्याच्या आसपास. आत ना बॅटरी, ना चिप. गुंडाळलेली एक स्प्रिंग, चार चाकं आणि केसापेक्षा बारीक दुसरी एक स्प्रिंग जी श्वास घेतल्यासारखी उघडते-मिटते. खिशात पडतं, बसमध्ये आदळतं, उन्हात तापतं, आणि तरी चूक एक टक्क्याच्या चौदाव्या भागाएवढी. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात मी इतका बिनचूक राहिलोय? आमच्या सरकारी खात्यात तर नाहीच.

आणि आपटण्यावरून आठवलं. जनतावर 'पॅराशॉक' लिहिलेलं असतं ना, ती सिटिझनची युक्ती. बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या) नाजूक टोकांना स्प्रिंगची गादी. जपान्यांनी १९५६ साली हेलिकॉप्टरमधून घड्याळं खाली टाकून ती लोकांना दाखवली. १९६१ मध्ये एचएमटीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला तो याच सिटिझनच्या मदतीने, म्हणून ती गादी आपल्या वाट्याला आली. पहिली घड्याळं लोकांपुढे आणली ती पंडित नेहरूंनी.

नवखा_निनाद | शनिवार, सायंकाळी ६:०२

एक टक्क्याचा चौदावा भाग! हे आवडलं. आणि '१७ ज्वेल'चं काय? आजी म्हणते आत माणकं असतात, म्हणून घड्याळजीकडे एकटं सोडायचं नाही.

घड्याळजींचा_नातू | शनिवार, सायंकाळी ६:२०

😀 आमच्या दुकानात हा संशय घेऊन रोज एक तरी आजी यायची. माणकंच असतात, पण कृत्रिम. व्हर्नय नावाच्या फ्रेंच माणसाने १९०२ साली कारखान्यात माणिक बनवायची रीत जाहीर केली, तेव्हापासून घड्याळात खाणीतला खडा घालायची गरज उरली नाही. चाकाच्या दांड्याची टोकं धातूत फिरली तर भोक मोठं होत जातं. माणकात फिरली तर झीज नाही आणि तेलही जागेवर राहतं. एकेकाची किंमत नगण्य. आजोबा म्हणायचे, 'आजी, सतराच्या सतरा काढून विकली तरी चहा-खारी होणार नाही.'

शुभदा_काकू | शनिवार, रात्री ९:३३

मैत्रेयी, छान धागा. माझ्याकडे संग्रह नाही, पण एचएमटीच्या दोन आठवणी आहेत.

एक म्हणजे कांचन. ऑटोमॅटिक, वार-तारीख असलेलं, सोनेरी. आमच्या भागात जावयाला कांचन दिलं की लग्न 'चांगलं' झालं असं म्हणत. माझ्या वडिलांना ते कुठेच मिळेना. शेवटी फौजेतल्या एका नातेवाइकाने कँटीनमधून आणून दिलं. यजमानांनी ते एकतीस वर्षं वापरलं. माझ्या लग्नातली शालूची घडी एवढी टिकली नाही.

दुसरी. मी अंध मुलांच्या शाळेत शिकवत असे. आमच्या संगीताच्या सरांकडे एचएमटीचं ब्रेल घड्याळ होतं. काच बिजागरीवर उघडायची, आत आकड्यांच्या जागी ठिपके आणि काटे दणकट. वर्ग चालू असताना सर हळूच काच उघडून बोट फिरवायचे. मुलांनाही ते कळायचं! काच उघडल्याचा 'टिक' आवाज आला की मुलं दप्तर आवरायला घ्यायची, तास संपायला पाच मिनिटं उरलीत म्हणून. सरांना शेवटपर्यंत वाटत होतं की आपण गुपचूप वेळ बघतो.

रिकामटेकडा | शनिवार, रात्री ९:४१

काकू, या प्रतिसादासाठी धागा वर काढत राहीन. वाचनखूण साठवली.

निरीक्षक | शनिवार, रात्री १०:१५

ब्रेल घड्याळ चालू स्थितीत आता फार थोड्यांकडे दिसतं. सरांच्या घरच्यांना ते जपून ठेवायला सांगा.

एचएमटी घेणाऱ्यांसाठी थोडं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, पण बातमी आधीपासून फुटली होती आणि लोक दुकानांवर तुटून पडले होते. त्यानंतर बाजारात अचानक 'न वापरलेल्या' पायलट उगवू लागल्या. एवढ्या पायलट होत्या तर आमच्या लहानपणी कुठे लपल्या होत्या? काळी डायल रंगवायला सोपी आणि खपायलाही, म्हणून जनताच्या मशीनवर पायलटचा मुखवटा चढतो. घेताना आधी मशीन पाहा, मग झाकण, डायल शेवटी. आपण नेमके उलटे करतो.

मैत्रेयी_नाशिककर | शनिवार, रात्री १०:५०

केवढं लिहिलंय सगळ्यांनी! काकू, तो 'टिक' आवाज मला आता रात्रभर ऐकू येणार.

सी चीफबद्दल मन अजून होत नाही हो. निळा रंग इतका सुंदर आहे. उद्या इथल्या एका घड्याळजींकडे नेते. ते बहात्तर वर्षांचे आहेत आणि रविवारी दुकान बंद ठेवून आत काम करतात, तेव्हाच मोकळे सापडतात. शेजारी ठेवायला बाबांची जनताही नेते.

घड्याळजींचा_नातू | शनिवार, रात्री ११:०८

नेताच आहात तर दोन्हींची मागची झाकणं उघडायला सांगा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला भिंग लावून पाहा. पूर्वीचे घड्याळजी घड्याळ दुरुस्त केलं की तिथे सुईने बारीक खूण कोरायचे. महिना-वर्ष, नाहीतर आपलं एखादं अक्षर, म्हणजे गिऱ्हाईक परत आलं की 'आमच्याकडचं काम आहे का' ते कळायचं. आजोबांची खूण म्हणजे छोटा 'ग' आणि त्याखाली रेघ. एखाद्या झाकणात दहा-दहा खुणा सापडतात. डॉक्टरच्या फायलीसारखं वाचता येतं.

मैत्रेयी_नाशिककर | रविवार, दुपारी २:१५

आत्ताच घरी आले. बसून सगळं लिहिते.

सी चीफ आधी उघडलं. झाकण आतून गुळगुळीत, एकही खूण नाही. घड्याळजी आजोबा म्हणाले, झाकण घासून चकाकवलंय, जे असेल ते गेलं. मशीन मात्र फेव्हर ल्यूबाचंच आणि धडधाकट. डायल काढली तर मागच्या बाजूला निळ्या रंगाचे शिंतोडे. 'ही रंगवताना मागे कागदसुद्धा लावला नाही,' म्हणाले. विषय संपला.

मग मी मोठ्या दिमाखात बाबांची जनता पुढे केली. म्हटलं, आता खरी डायल बघा. त्यांनी झाकण उघडलं, भिंग लावलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आत तीन खुणा होत्या. ३-७४. १०-७९. तिसरी जरा खोल कोरलेली, ५-८६ आणि पुढे 'डा'. मी विचारलं 'डा' म्हणजे? त्यांनी डायल हलकेच उचलली, मागची कड मला दाखवली. मूळ रंगाची एक पुसट पिवळसर पट्टी कडेला राहिलेली होती.

बाबांची जनता रंगवलेली आहे. ज्या डायलशी तुलना करून मी सी चीफला नावं ठेवत होते, ती डायल रंगवलेली आहे.

आजोबा भिंग काढून म्हणाले, 'काम फार चांगलं आहे. मला झाकण उघडेपर्यंत कळलं नाही.'

घरी येऊन आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, 'हो, नदीत पडलं होतं ना. सोमेश्वरला गेलो होतो, हात धुताना पट्टा तुटला. चार दिवस उन्हात ठेवलं, आतून सगळं शेवाळलं. तुझ्या बाबांनी ते रंगवायला वीस रुपये घातले म्हणून मी दोन दिवस बोलत नव्हते.' मी म्हटलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? तर म्हणे, 'तू विचारलंस का कधी? तू आपली सगळ्यांना ओरिजिनल, ओरिजिनल सांगत सुटली होतीस.'

रिकामटेकडा | रविवार, दुपारी २:२२

मैत्रेयी, तुमच्या आईला आयडी काढून द्या, आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे त्यांना.

घड्याळजींचा_नातू | रविवार, दुपारी २:५०

'डा' म्हणजे डायलच असणार. आमच्याकडे नुसता 'डी' कोरायचे.

मागच्या कडेची ती पिवळी पट्टी कुणाला साफ करू देऊ नका.

निरीक्षक | रविवार, दुपारी ३:३०

मी काल जे लिहिलं त्यावर ठाम आहे. संग्राहक म्हणून पाहिलं तर ही रंगवलेली जनता आहे आणि तिची किंमत तेवढीच धरायची.

पण एक विचारतो. त्या तिसऱ्या खुणेचा फोटो मिळेल का? भिंगातून काढलेला. तारीख आणि काम दोन्ही लिहिलेली खूण मी अजून पाहिलेली नाही.

कोकणी_काजू | रविवार, दुपारी ३:३४

निरीक्षक विरघळले. दापोलीला पाऊस पडणार.

आल्प्सवरून_अवी | रविवार, सायंकाळी ६:४५

मैत्रेयी, जनताची काच मूळचीच असेल तर ती प्लास्टिकची असते. ओरखडे असतील तर टूथपेस्ट कापसावर घेऊन गोल गोल घासा, दहा मिनिटांत चकचकीत होते. फक्त चावीच्या भोकात पेस्ट जाऊ देऊ नका. आणि मोबाईलचं चुंबकवालं कव्हर वापरत असाल तर घड्याळ त्याच्या शेजारी ठेवू नका. बारीक स्प्रिंगचे वेढे चिकटले की घड्याळ एकदम पिसाळल्यासारखं पुढे पळतं. माझं एकदा दिवसाला बारा मिनिटं पळालं होतं. वाटलं संपलं, पण चुंबकत्व काढायला घड्याळजीला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मैत्रेयी_नाशिककर | मंगळवार, सकाळी ११:२०

अपडेट. सी चीफ आज कुरिअरने परत पाठवलं. विकणाऱ्याला डायलच्या मागच्या शिंतोड्यांचे फोटो पाठवले, तर त्याचं उत्तर आलं, 'मॅडम, ओरिजिनल म्हणजे मशीन ओरिजिनल. कलर आम्ही ओरिजिनल क्वालिटीचा मारतो.' पैसे देतोय, कुरिअरचे कापून. रंगवलेली आहे असं आधी सांगून चार हजाराला दिलं असतं तर मी ते आनंदाने घातलं असतं. खोक्यात भरताना एकदा मनगटावर लावून पाहिलंच.

खुणेचा फोटो निरीक्षकांना व्यनि केलाय. जनता आज हातात आहे. घड्याळजी आजोबांनी तेलपाणी करून दिली आणि झाकणात चौथी खूण कोरलीय. मी मुद्दाम मागून घेतली.

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ११:२६

म्हणजे सहा हजार मोकळे झाले, आणि नवऱ्याच्या हिशेबी अजूनही घड्याळं चारच.

टिकटिक_तात्या | मंगळवार, सकाळी ११:४०

उद्या बुधवार. पुण्यात जुना बाजार भरतो. एका ओळखीच्या माणसाने एक रोमर बाजूला ठेवलंय म्हणे, डायल पिवळी पडलेली, काटे गंजलेले, रंगाला कुणी हात लावलेला नाही. नऊच्या आत यायचं असेल तर कळवा. भिंग स्वतःचं आणा, माझं मी कुणाला देत नाही.

मैत्रेयी_नाशिककर | मंगळवार, सकाळी ११:४३

पहाटेची कुठली गाडी सोयीची पडेल?